बांधातली बाय आणि एक 'न'

पहिली थोबाडीत बसली तेव्हा ब्रश माझ्या दातांत होता. हिरडी फुटली. रक्त भिंतीवरच्या निळ्या रंगावर उडालं.

"पाणी लिहिता येत नाही, मिठागऱ्या? सभागृह आहे हे. तुमचं झोपडं नाही!"

हे सभागृहाचे सेक्रेटरी. मिठागर त्यांच्याच घराण्याचं, आणि त्याच मिठागरात माझी आई मीठ ओढायची. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी बावीस वर्षांचा, स्वतःला मोठा कलावंत समजणारा. कला म्हणजे सातिवलीच्या टेम्पोंमागे काढलेली कमळं. त्यातली निम्मी कोबीसारखी दिसायची.

भिंतीवर लोककथेचं चित्र हवं, म्हणाले होते. मी आमची बाय काढली. बांधाला खांड पडली, खाडी आत घुसली, तेव्हा बांध टिकावा म्हणून मालकांनी त्या खांडीत जिवंत गाडलेली मिठागरातली बाई. खाली आई गाते ती ओळ लिहिली: 'पानी आयलं खांडीला, बाय निजली आडवी.'

"शुद्ध कर."

केलं. 'न' खरवडला, 'ण' काढला. वर त्याचं वळण छान आलंय म्हणून खूशही झालो. इतका मी शहाणा.

दुसऱ्या दिवशी आईला कौतुकानं दाखवायला नेलं. तिला अक्षर येत नव्हतं.

"वाच रं."

"पाणी आयलं..."

"कंचं पानी?" तिनं मला मधेच तोडलं. "आमी कवा आसं गायलाव? जित्ती गाडली तवा ती वरडली आसंल ना? ती काय मालकाच्या बोलीत वरडली?"

आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

मी तिथंच 'ण' खरवडला. 'न' लिहिला. सेक्रेटरी दोन गडी घेऊन आले. गड्यांनी मला भिंतीशी दाबलं. सेक्रेटरींनी माझा उजवा हात लोखंडी घडीच्या खुर्चीत घातला, खुर्ची मिटली आणि वर पाय दिला. दोन बोटं मोडली. शेंगा फोडल्यासारखा आवाज.

"आता लिही."

गड्यांनी 'न' खरवडून टाकला होता. त्याच जागी मी डाव्या हातानं पुन्हा 'न'च लिहिला. वाकडातिकडा. तरी माझ्या कमळांपेक्षा बरा. मग लाथा. किती, ते आठवत नाही.

संध्याकाळी त्यांनी सगळ्या भिंतीला चुना फासला.

घरात पोरांना हे सांगताना मी हसवत सांगतो. एक गोष्ट मात्र हसवत सांगता येत नाही. त्या चित्रात बाय होती, खांड होती, खाडी होती. गाडणारे नव्हते. ते मीच भिऊन वगळले होते.

आता काढतो. प्रत्येक चित्रात. ओळखू येतील असे.