ओरिजिनल नाही

बाबांची जुनी अमेरिकन गाडी विकत घ्यायला आलेला माणूस खिशातलं लोहचुंबक काढून पत्र्यावर फिरवत होता. जिथे ते चिकटेना, तिथे गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी भरलेली होती. दर वेळी तो मान हलवून म्हणे, "ओरिजिनल नाही." सीटची कव्हरं आईनं शिवलेली, तीही ओरिजिनल नाहीत. बॉनेट उघडल्यावर तर तो हळहळलाच. "अरेरे, जीपचं डिझेल इंजिन! मूळचं बंद पडलेलं का होईना, आत हवं होतं. दुप्पट भाव आला असता."

माझं डोकंच फिरलं. त्या मूळ इंजिनाचे पार्ट मिळेनात म्हणून बाबांनी हे बसवून घेतलं. ताईला बाळंतपणासाठी याच गाडीतून माहेरी आणलं. म्हणजे गाडी मरू दिली असती तर आम्ही शहाणे ठरलो असतो! अहो, शेवटी शेवटी बाबांच्या गुडघ्यात स्टील होतं आणि तोंडात कवळी. ते तरी कुठे ओरिजिनल होते?

दर दसऱ्याला काढलेल्या स्वस्तिकाचं कुंकू बॉनेटच्या रंगात मुरलंय. त्यावर नख घासत तो म्हणाला, "हे काढून टाकू. हॉटेलच्या लॉबीत उभी करायचीय, चालवायची थोडीच आहे?"

आमची बिल्डिंग पाडणार आहेत, गाडी ठेवायला जागा नाही. विकावी तर लागणारच. पण भाव ठरल्यावर किल्लीसाठी त्यानं हात पुढे केला, तेव्हा मी ती मुठीत घट्ट धरली.

"चालवायचीच नाहीये ना? मग ढकलत न्या."