वाया गेलेल्या चार डिस्क

काल चिखलोलीच्या नव्या घरात खोकी उघडताना जुना डीव्हीडी रायटर सापडला. त्याच्या केबलला दोन यूएसबी पिना आहेत. त्या पाहिल्या आणि चामटोलीची आत्या आठवली.

तिचे यजमान, आमचे अप्पा, गेले तेव्हा त्यांनी गायलेल्या भीमगीताचं एकच रेकॉर्डिंग माझ्या लॅपटॉपवर होतं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ते लावायचं होतं, पण लॅपटॉपचा आवाज सगळ्यांपर्यंत पोचला नसता आणि आत्याकडे होता फक्त डीव्हीडी प्लेयर. आदल्या दिवशी मी अंबरनाथच्या घरी लिनक्सवर डिस्क राइट करायला बसलो. प्रत्येक डिस्क अर्ध्यावर अडकायची. चार वाया गेल्या. सुरुवातीचा अप्पांचा खोकला कापायचा होता, त्यालाही वेळ उरला नाही.

सकाळी लॅपटॉप आणि रायटर घेऊन उल्हासनगरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात धावलो आणि लिनक्सच्या नावाने खडे फोडले. दुकानदार सिंधी काका केबल बघून हसले.

"लिनक्स को क्यूँ कोसता है? दूसरी पिन किसके लिए दी है?"

एका पिनेवर वीज पुरत नव्हती, आणि दुसरी मीच रबरबँडने बांधून ठेवली होती! दोन्ही लावल्या, डिस्क झाली.

दुपारी चामटोलीत त्रिसरणानंतर ती लावली. आधी खोकला आला. मी ओशाळून मान खाली घातली. गाणं सुरू झालं, तशी आत्या पदराने डोळे पुसत म्हणाली, "थांब. गाणं नंतर. ते पहिलं परत लाव. घरात येताना असंच खोकायचे."

त्या चार डिस्कांचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.