मी ओळखलेला नानासाहेब

चहा घ्या, पण घोट पूर्ण गिळा आणि मग ऐका. मागच्या खेपेला ही फजिती सांगत होतो तेव्हा शेजारच्या कुलकर्ण्यांच्या नाकातून चहा आला. सतरंजीवरचा डाग अजून गेलेला नाही.

तर, माझा विषय पात्रचित्रण. त्यात मी डॉक्टरेट केली आहे, साडेचारशे पानांची! कादंबरीतला माणूस द्या, नाटकातला द्या, सभेत भाषण ठोकणारा द्या. त्याच्या मनाचे सगळे कप्पे उघडून दाखवतो. बेळगावच्या कॉलेजात तीस वर्षं दुसरं काय केलं? आता मला शंका फार येतात, हे खरं. प्रबंध द्यायला गेलो तो चार वेळा विद्यापीठाच्या दारातून परत आलो. पण माणूस ओळखण्यात? तिथे एका अर्थाने माझा हात धरणारा कोणी नाही. आणि एका अर्थाने… असो. पुढे ऐका.

भारती माझी जुनी विद्यार्थिनी. खानापूरकडची, घरी शेती, आता शहरात बँकेत नोकरीला. तिने पहिलं नाटक लिहिलं, दोन अंकी. टिळकवाडीला आमच्या घरी वही घेऊन आली.

"सर, वाचून सांगा. तुम्हास्नी न्हाय आवडलं तर प्रयोग न्हाय करायचा. परत लिवायचंबी न्हाय."

बापरे! एवढा भार माझ्यासारख्यावर टाकतात का?

नाटकात एक नानासाहेब होता. निवृत्त विद्वान. भिंतभर पुस्तकं, जगातल्या प्रत्येकाबद्दल मत, आणि स्वतः साधा सदरा घ्यायचा तर तिघांचा सल्ला. संपादकांना कडक पत्रं लिहितो, पाकिटं चिकटवतो आणि खणात ठेवून देतो. काही विचारलं की म्हणतो, 'एका अर्थाने हो, आणि एका अर्थाने…'

तिसऱ्या पानावर मी मांडीवर थाप मारली. अहो, हा तर आमचा अण्णा!

अण्णा म्हणजे खासबागेतला वकील, माझा चाळीस वर्षांचा मित्र. प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात म्हणतो आणि दोन्हींवर बसून राहतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी कुठल्या डोळ्याचं करायचं, हे ठरवायला त्याला तीन आठवडे लागले. मला पाच लागले होते, पण माझी गोष्ट वेगळी होती.

चार दिवसांनी भारती आली. खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

"सर, त्ये नानासाहेबाचं पात्र…"

"ओळखलं मी त्याला!"

तिचा चेहरा पांढरा पडला. "ओळखलासा?"

"तिसऱ्याच पानावर."

"मग… राग न्हाय आला?"

"राग कशाचा? ही कला आहे. उलट तू हात राखून लिहिलं आहेस. अशा माणसाला सोडायचं नसतं, भारती. आणखी तिखट कर!"

पोरीच्या डोळ्यांत पाणी. वाकून नमस्कार केला. "सर, लई मोठं मन हाय तुमचं."

मी म्हटलं, असेलही.

मग ती आत स्वयंपाकघरात आमच्या हिला भेटायला गेली. अर्धा तास दोघींचं खो खो हसणं ऐकू येत होतं. मला वाटलं, कसली तरी भाजी शिकवत असेल.

इकडे मला अण्णाची काळजी लागली. भर सभागृहात मित्राची अशी चिरफाड होणार, आणि 'तिखट कर' म्हणणारा मी! त्याला सांगावं की न सांगावं, यात दोन दिवस गेले. शेवटी खासबाग गाठलं.

"अण्णा, भारतीच्या नाटकात एक पात्र आहे बघ…"

"ठाऊक हाय मला. वैनींनी सांगितलं. लई हसलो."

"हसलास?"

"मग काय रडू? तू मनाला लावून घेऊ नगंस म्हंजे झालं."

"मी कशाला लावून घेऊ?"

"शाब्बास रं गड्या!" म्हणून त्याने पाठीवर असा गुद्दा घातला की कवळी हलली. परत येताना रिक्षात माझे डोळे भरून आले. स्वतःची अब्रू जात असताना हा माणूस माझ्या मनाचा विचार करतोय!

प्रयोग रविवारी दुपारी चारला. प्रमुख पाहुणा मी. पहिल्या रांगेत माझ्या एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला अण्णा. आमच्याकडे सत्कार दोन अंकांच्या मध्ये करतात. आधी ठेवावा तर लोक आलेले नसतात, शेवटी ठेवावा तर बससाठी पळतात. मधल्या वेळेत गिऱ्हाईक पक्कं!

पहिला अंक सुरू झाला. नानासाहेब छत्री घेऊन आला. कडक उन्हात छत्री! मुठीला हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेली. माझी छत्री आठवड्यापासून सापडत नव्हती, तिच्याही मुठीला अशीच पट्टी आहे. मी मनात म्हटलं, काय निरीक्षण आहे पोरीचं! हल्ली बेळगावात किती लोक मुठीला हिरवी पट्टी लावतात! सगळ्या सभागृहात सर्वांत मोठ्याने कोण हसत असेल? मीच.

पडदा पडला. शाल, नारळ, हार. भाषणाचे चार मसुदे खिशात होते. ऐन वेळी हाताला एकही लागेना. उत्स्फूर्त बोललो.

"मंडळी, नानासाहेब हे पात्र हवेतून आलेलं नाही. त्याचा मूळ नमुना याच सभागृहात, पहिल्या रांगेत बसला आहे!"

टाळ्या! मागून शिट्ट्या!

"आणि तो ही थट्टा हसत सोसतो आहे. त्याच्या मनाच्या मोठेपणाला माझा नमस्कार!"

लोक उभे राहिले हो! मला भरून आलं. मग माझ्यातला समीक्षक जागा झाला.

"मात्र एक दोष सांगतो. नानासाहेब साऱ्या जगाला ओळखतो आणि स्वतःला ओळखत नाही. शिकलासवरलेला माणूस इतका आंधळा असतो का? हे मला तरी पटत नाही."

काय तो हशा! पहिल्या रांगेतल्या एक बाई खुर्चीवरून घसरल्या. तीस वर्षांत माझ्या कुठल्याही तासाला असा प्रतिसाद मिळाला नव्हता.

दुसरा अंक. नानासाहेब लग्नाला निघालाय, उंबऱ्यात थबकतो. ते बघून मला आठवलं, आपणही आज घाईत निघालो. हिच्या कानाशी वाकलो. कान जरा मंद झाल्यापासून माझी कुजबुज जरा खणखणीत असते.

"अगं, गॅस बंद केलास ना?"

त्याच क्षणी रंगमंचावरून नानासाहेब: "अगं, गॅस बंद केलास ना?"

आणि दोन्हीकडच्या बायका एका सुरात: "केलाय हो! तिसऱ्यांदा सांगतेय!"

सभागृह कोसळलं. मी अण्णाचा चेहरा बघायला वळलो. अण्णा रुमाल तोंडात कोंबून माझा चेहरा बघत होता.

"अण्णा," मी म्हटलं, "हा तू नाहीस?"

"मी? आरं, माझ्या घरात गॅस कुठला? तीन वर्सं झाली, शेगडी विजेची हाय!"

तेव्हा उजेड पडला. खणातली पत्रं. सदरा. पाच आठवडे. छत्री! भारतीने 'तिखट' करायला मसाला कुठून आणला, तेही कळलं. शेजारी ही पदराने डोळे पुसत होती, आणि ते रडणं नव्हतं.

पडदा पडल्यावर आत गेलो. भारती कोपऱ्यात उभी. अण्णाला मी काय विचारलं ते विंगेत ऐकू गेलं होतं. हातातली वही चुरगळत चालली होती.

"सर, तुम्हीच म्हटलासा की ओळखलं म्हणून. मला वाटलं परवानगी दिलासा. चुकलं माझं. परत न्हाय लिवत."

आता काय करावं? एरवी मी तिघांना विचारलं असतं. पण वहीचं पहिलं पान फाटायला आलं होतं.

"अगं वेडे," मी म्हटलं, "ओळखलं होतंच! अण्णाला विचारलं ती सगळी गंमत. मला काय अभिनय येत नाही?"

"खरंच, सर?"

"पहिल्या पानावर ओळखलं होतं."

"तिसऱ्या म्हटलासा…"

"तिसऱ्या!"

तिने वही छातीशी धरली. हसली. "मग त्यो दोष तेवढा काढते. माणूस येवढा आंधळा नसतोय म्हटलासा, त्यो."

मागून अण्णा खाकरला. "काय काढू नगं, पोरी. त्या दोषाला आता साक्षीदार मिळालाय."

पुढचा प्रयोग निपाणीला झाला. तिथे मला ओळखणारं कोणी नाही, म्हणून हळूच शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. शेजारचे गृहस्थ हसून हसून बेजार झाले होते. मध्येच माझ्याकडे वाकून म्हणाले, "व्हय हो काका, असला माणूस खरंच असतोय काय?"

मी नीट विचार केला. म्हटलं, "एका अर्थाने असतो. आणि एका अर्थाने…"

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी आधी रंगमंचाकडे बघितलं, मग माझ्याकडे आणि मग माझ्या मांडीवरच्या नव्या, पण मुठीला हिरवी पट्टी गुंडाळलेल्या छत्रीकडे.