तीन कॉम्प्युटर, एक कीबोर्ड आणि माझ्या चिठ्ठ्या

मंडळी, आज डोकं लई फिरलंय.

वाळूजला आमच्या कंपनीच्या टेस्टिंग रूममध्ये तीन कॉम्प्युटर, पण स्क्रीन, कीबोर्ड, माऊस एकच. मधल्या स्विचवर तीन बटनं, ज्याचं दाबलं तो कॉम्प्युटर स्क्रीनवर येतो. तिन्हींची लॉक स्क्रीन सारखीच, म्हणून बटनांवर मी नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या.

काल स्वच्छतेच्या ऑडिटसाठी सुपरवायझर साहेबांनी त्या खरवडून काढल्या. म्हणे, "मॅडम, टेबल घाण दिसतंय."

आज रिपोर्टचा कॉम्प्युटर समजून मी रीस्टार्ट मारला, तो टेस्टिंगचा निघाला. तीन दिवस चाललेली टेस्ट गेली!

साहेब माझ्यावरच ओरडले, "बघून दाबता येत नाय का?"

काय बघू, साहेब?

दुपारी ऑडिटचा निकाल लागला. सगळ्यात नीटनेटकं टेबल आमचंच!

त्याचं सर्टिफिकेट आता कुठं चिकटवू, तुम्हीच सांगा.