सूर्यद्वाराच्या अलीकडे

फोर्तुनातो सुत्ता बत्तीस वर्षं इंकांच्या वाटेवर ओझी वाहत होता, पण त्या वाटेच्या शेवटी काय आहे ते त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. आमच्या बहुतेक हमालांचं असंच असतं. चौथ्या दिवशी उजाडायच्या सुमारास प्रवासी सूर्यद्वाराकडे चढतात, तिथून त्यांना खाली माचू पिचू, इंकांचं जुनं नगर, दिसतं. हमाल तंबू गुंडाळतात आणि वेगळ्या पायवाटेने रेल्वे गाठायला खाली धावतात.

मी पेरूमधल्या कुस्को शहरातल्या एका ट्रेकिंग कंपनीत हिशेबनीस. कॉमर्स शिकलेला माणूस आकड्यांत चुकणार नाही, या समजुतीने परवान्यांचं कामही माझ्याकडे आलं. वाटेवर दिवसाला मोजकीच माणसं सोडतात आणि हमालही त्यातच मोजले जातात. परवाना नावाने आणि ओळखपत्राच्या नंबराने निघतो. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. मे महिन्याच्या जागा आदल्या ऑक्टोबरात दोन तासांत संपतात.

फोर्तुनातो माझा कोंपाद्रे. त्याच्या मुलीचं, नेलिदाचं, जावळ काढलं तेव्हा पहिली बट मी कापली होती, म्हणजे मी तिचा धर्मपिता झालो; तेव्हापासून आम्ही एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतो. त्याची बायको गेली त्याला नऊ वर्षं झाली. नेलिदा चिलीत, इकिकेला एका म्हातारीची देखभाल करते. ओयांतायतांबोच्या वर त्याचं गाव. एके काळी तीस घरांतून धूर निघायचा, आता सहा घरांतून निघतो. तो दोन माणसांचं सूप करायचा आणि उरलेलं सकाळी खायचा. कमी का करत नाही विचारलं, तर म्हणायचा, “लहान भांडंच नाही घरात.”

साठी आली तेव्हा तो ऑफिसात आला. टोपी काढून माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

“कोंपाद्रे, यंदा मला प्रवासी व्हायचंय.”

“बसा आधी. कुठला प्रवासी?”

“वाटेचा. मी आणि नेलिदा. तिची म्हातारी मे महिन्यात आठवडाभर मुलाकडे जाणार आहे. तेवढीच सुट्टी आहे तिला. लहानपणी विचारायची, पापा, तुम्ही रोज जाता तिथे काय आहे? मी म्हणायचो, मोठी झालीस की दोघं मिळून बघू.”

“आणि तुम्ही तिला काय सांगणार? तुम्ही तरी कुठे पाहिलंय?”

“म्हणूनच तर,” तो म्हणाला.

मागे आमचे बाकीचे हमाल दोर मोजत बसले होते. त्यातला एक त्याला म्हणाला, “साहेब, तुमची बॅग मी उचलेन. पण चहा गरम नव्हता म्हणून तक्रार करायची नाही.”

“तुझा चहा गरम असतो कधी?” फोर्तुनातो म्हणाला. सगळे हसले, तोही हसला.

ऑक्टोबरातली ती सकाळ मला नीट आठवते. मी नेहमीच्या शिस्तीने बसलो. आधी हमालांची यादी भरायची, मग प्रवाशांची, ही माझीच पद्धत. घाईत नावं चुकू नयेत म्हणून मी दरवर्षी गेल्या वर्षीची हमालांची यादी तशीच उचलतो. त्या यादीत पहिलं नाव वर्षानुवर्षं एकच होतं. बारा मेच्या गटासाठी मी ती उचलली, पाठवली, आणि प्रवाशांकडे वळलो. नेलिदाचं नाव गेलं. फोर्तुनातोचं परत आलं. पुन्हा भरलं, पुन्हा परत आलं. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की तो त्याच गटात हमाल म्हणून आधीच नोंदला गेला आहे. एका माणसाला दोन परवाने मिळत नाहीत.

ते नाव काढायला अर्ज करावा लागतो. अर्ज मंजूर व्हायला आठवडा लागला असता. तोवर त्या तारखेची एकही जागा उरली नसती, आणि तशी ती उरलीही नाही.

मी त्याच्या गावी गेलो. अशी गोष्ट फोनवर सांगता येत नाही. त्याने ऐकून घेतलं, उकडलेला मका आणि चीज माझ्यासमोर ठेवलं.

“म्हणजे तिला परवाना आहे,” तो म्हणाला.

“आहे.”

“मग बिघडलं काय? मी तिचा तंबू वाहीन. तिचा हात धरून नाही, पण तिच्या पुढे चालेन. लहानपणी पाठीवर वाहिलीच ना तिला?”

“आणि सूर्यद्वार?”

“ती बघेल. मी खाली स्टेशनवर थांबेन. ती येऊन सांगेल.”

मी सुचवलं की दोघांनी आगगाडीने जावं, मग बसने वर. तिकीट सहज मिळतं.

“बसने?” तो म्हणाला. “कोंपाद्रे, आपल्याच घरात कुणी खिडकीतून शिरतं का?”

नेलिदाने मात्र ऐकलं नाही. तिने मलाच फोन केला.

“पाद्रिनो, मी हातात काठी घेऊन चालू, आणि माझे वडील वीस किलो घेऊन माझ्यापुढे पळणार? मी जेवायला टेबलावर बसू आणि ते ताटं धुणार? तुम्ही माझ्या जागी असता तर गेला असता?”

“चूक माझी आहे, पोरी. त्यांना शिक्षा देऊ नकोस.”

“शिक्षा नाही. मला ते बघवणार नाही.” मग म्हणाली, “पुढच्या वर्षी दोघांचं एकदम करा.”

पुढच्या वर्षी तिला सुट्टी मिळेल का, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

तरीही फोर्तुनातोला वाटत होतं, ती येईल. मे उजाडला तेव्हा त्याने घराला पांढरा रंग दिला. बारा तारखेला मी स्वतः वाट सुरू होते तिथल्या नाक्यावर गेलो. इतक्या वर्षांत कधी गेलो नव्हतो. पुलाच्या अलीकडे हमालांची ओझी काट्यावर तोलली जात होती. पहारेकऱ्याने प्रवाशांची नावं वाचली. नेलिदाचं नाव त्याने दोनदा वाचलं, मग पेनाने त्यावर रेघ मारली. फोर्तुनातो रांगेत उभा होता. पाठीवर ओझं बांधलेलं असल्यामुळे त्याला मान वळवता येत नव्हती, म्हणून तो सगळाच वळला आणि त्याने रस्त्याकडे पाहिलं. मग त्याने मला हात केला आणि पूल ओलांडला.

पुढचं मला त्या गटाचा गाइड एफ्राइन याने सांगितलं. चौथ्या दिवशी शेवटच्या मुक्कामावर तो फोर्तुनातोला म्हणाला, “तात्या, आज माझ्याबरोबर वर चला. तुमचं ओझं बाकीचे वाटून घेतील. मी बोललोय त्यांच्याशी. बत्तीस वर्षं झाली, कोण नाही म्हणणार?”

बाकीच्यांनी खरोखरच त्याचं ओझं सोडून आपापसांत घेतलं होतं. फोर्तुनातोने एकेकाकडून आपलं सामान परत मागून घेतलं आणि नीट बांधलं.

आठवड्याने तो काम सोडायचं म्हणून ऑफिसात कंपनीचं ओळखपत्र परत द्यायला आला, तेव्हा मी चिडलोच. “अहो, दीड तासाची तर चढण. गेला का नाहीत?”

तो टोपी काढून बसला.

“मी गेलो असतो, आणि तिला फोनवर सांगितलं असतं, असं असं आहे म्हणून,” तो म्हणाला. “मग तिला यायला काय उरलं असतं, कोंपाद्रे?”

मी त्याचं नाव हमालांच्या यादीतून काढलं. दर ऑक्टोबरात, जागा उघडायच्या आदल्या दिवशी तो गावातून खाली उतरतो आणि विचारतो, नेलिदाचा फोन आला होता का. मी नाही म्हणतो. “मग माझं एकट्याचं भरू नका,” तो म्हणतो, आणि दुपारच्या गाडीने परत जातो.