पंख्यातला दिवा

माझा मामा कुणाच्याही घरी गेला की बसायच्या आधी वर बघतो. छताचा पंखा नीट ऐकतो आणि म्हणतो, "बेअरिंग गेलंय." मग पाणी पितो. एकदा कुणाच्या तरी मयतीनंतर भेटायला गेलो होतो, तिथंही हेच बोलला. मामीनं कोपर मारलं तेव्हा गप्प बसला. चाळीस वर्षं त्यानं पंख्यांच्या कॉइल गुंडाळल्या. दुकान म्हणजे एक टेबल, तांब्याच्या तारेची रिळं आणि भिंतीला टेकवलेली पाती. बोलणं मोजून-मापून. काही सांगायचं असेल तर तो सांगत नाही, काहीतरी दुरुस्त करून ठेवतो. हा गुण आहे की रोग, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मामी शिवणकाम करते. गेली दोन वर्षं तिला कमी ऐकू येत होतं, पण कबूल करेल तर शपथ. "लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात," म्हणायची. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते, तर त्यांच्या टीव्हीच्या बातम्या मला फुकट ऐकायला मिळायच्या. एकदा मामानं तिच्या बहिणीसमोर कानाच्या डॉक्टरचा विषय काढला. मामी तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तेव्हापासून घरात 'कान' हा शब्दच कुणी उच्चारत नव्हतं.

पण दाराचं काय करणार? मामी दिवसभर एकटी, आतून कडी. लोक बेल वाजवून वाजवून परत जायचे. एका रविवारी मामानं पुढच्या खोलीतला पंखा उतरवला आणि दुकानात नेला. आठवडाभर मामी घामाघूम होऊन शिवत बसली. मी डबा द्यायला दुकानात गेले तर पंख्याच्या पोटातून दोन वायरी खाली लोंबत होत्या.

"यात दिवा बसवतोय," मामा म्हणाला.

"मग दिवा गरगरा फिरणार?"

"अगं, मधला दांडा फिरतच नाही. फिरतं ते बाहेरचं कवच. दिवा दांड्याला धरून राहतो."

मला जन्मभर वाटत होतं, सगळंच फिरतं. त्यानं दांडा लेथवर आरपार पोकळ करून आणला होता. डब्याचं स्टीलचं झाकण कापून त्यात एलईडीचं कडं बसवलं होतं, खाली दुधी काच. खरी गंमत पुढे होती. हा दिवा भिंतीवरच्या बटणानं लागणार होता आणि दाराची बेल दाबली तरी लागणार होता, बोट बेलवर असेपर्यंत. बेलपासून पंख्यापर्यंतची वायर तो चौकटीच्या आतून नेणार होता, कुणाला दिसणार नाही अशी.

"मामीला सांगितलंस?"

"वेडी आहेस का? दिवा लागला की कळेल तिला आपोआप. आणि तूही तोंड उघडायचं नाहीस. माझ्या गळ्याची शपथ."

पंखा परत टांगताना मामीला त्यानं एवढंच सांगितलं, "शिवायला उजेड केलाय."

आता इथपर्यंत सगळं सरळ होतं. पुढे माझं डोकं जे भंजाळलं ते महिनाभर.

एका संध्याकाळी मी जिना उतरत होते. मामा दारात उभा, बोट बेलवर, मान वर. दारावरच्या काचेतून पंख्यातला दिवा लख्ख दिसत होता.

"लागलाय," मामा म्हणाला.

"लागलाय की," मी म्हणाले.

आम्ही दोघं तिथं वर बघत उभे. दार काही उघडेना. शेवटी मी वर गेले आणि लाकडी स्टूल उचलून तीनदा जमिनीवर आपटलं. छत हादरलं तशी मामीनं तरातरा दार उघडलं, तोवर मीही जिन्यात परतले. "वर काय कुस्ती चाललीय गं?" असं म्हणेपर्यंत समोर नवरा. "अहो, कधी आलात?" म्हणत तिनं आधी मागे जाऊन दिवा बंद केला. मामा खाली वाकून चप्पल काढत होता, तसाच आत गेला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. माझ्या स्टुलाचा एक पाय खिळखिळा झाला. दिवा लागतोय, ती खाली बसलीय आणि उठत नाही. नजर अधू म्हणावी तर सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते. घोडं नेमकं पेंड कुठं खातंय तेच कळेना. मामाला विचारावं तर त्याला माझ्याहून जास्त कोडं पडलेलं. मामीला विचारावं तर शपथ आड येत होती.

एका दुपारी मामानं मला दुकानात बोलावून घेतलं. तारेचं रीळ हातात घेऊन नुसतंच फिरवत होता.

"ती मुद्दाम दार उघडत नाही गं," तो म्हणाला. "त्या डॉक्टरवरून अजून मनात आहे तिच्या. माझं तोंड बघायची इच्छा नाही."

"काहीतरीच काय मामा!"

"परवा तू घरी नव्हतीस. पाऊण तास बेलवर बोट धरून उभा होतो. दिवा सारखा लागलेला." रीळ खाली ठेवलं. "आजपासून इथंच झोपेन म्हणतो. तिला कशाला त्रास?"

मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. चौतीस वर्षांचा संसार आणि हा माणूस पात्यांच्या ढिगाऱ्यात अंथरूण टाकणार! मी तशीच तरातरा घरी आले. दार सताड उघडं होतं, मामी जिन्यात माझीच वाट बघत होती. आत भर दुपारी दिवा चालू. मी तोंड उघडायच्या आत तिनंच माझा हात धरला.

"एखादा वायरमन माहीत आहे का तुला? पण यांना कळता कामा नये."

"वायरमन? या घरात?"

"पंखा बिघडलाय गं," ती कानाशी आली. तिचं कुजबुजणं गल्लीत ऐकू जातं. "पहिल्याच दिवशी मी एकटी शिवत होते. दिवा आपोआप लागला, गेला, परत लागला. बटणाला हात नाही लावलेला कुणी. यांच्या हातचं काम असं कधीच झालं नाही. वय झालं, हात चुकायला लागले. कुणाला दिसू नये म्हणून मी दिवसभर चालूच ठेवते. चालू असला की लुकलुकत नाही. हे आले की बंद करते, नाहीतर वर बघत बसतील आणि चूक सापडेल. मोडून पडतील गं."

हसावं की रडावं कळेना. हिनं दिवसभर दिवा चालू ठेवायचा, त्यानं बाहेरून बेल दाबून तोच दिवा बघायचा आणि समजायचं की आपणच लावला. दोघांनी मिळून मला वेडं करायचं ठरवलं होतं. शपथ गेली खड्ड्यात. मी बटण बंद केलं, मामीला खाली बसवलं, "वर बघ" म्हणून ओरडले आणि बाहेर जाऊन बेलवर बोट ठेवलं. उचललं. परत ठेवलं.

आत आले तर मामी अजून वरच बघत होती.

"बेल?" तिनं विचारलं.

"बेल."

"म्हणजे मला बहिरी ठरवून डोक्यावर दिवा टांगला?" ती भडकली. हे चुकून तरी काही बोलतात का, मी काय दगड आहे का, असं बरंच काही. मग मधेच थांबली. "किती वेळ उभे राहतात बाहेर?"

"परवा पाऊण तास. आणि आजपासून दुकानात झोपणार आहे."

मांडीवरच्या झबल्याची तिनं घडी घातली, उलगडली, परत घातली. मग मला म्हणाली, "तू जा आता वर."

मी गेले नाही. संध्याकाळी लाज सोडून जिन्यात बसून राहिले. मामा आला तो पांघरूण न्यायला. त्यानं आज आधी वर पाहिलं. काचेत अंधार. बोट बेलपर्यंत गेलं, मागे आलं, मग त्यानं एकदाची दाबली. काच उजळली आणि लगेच दार उघडलं. त्याचं बोट अजून बेलवरच.

"काढा ते बोट," मामी म्हणाली. "दिसलं मला."

मामा खाली मान घालून काहीतरी पुटपुटला. तिला वाटलं असेल त्याहून जास्त तो घाबरला होता. रागावलीस असं वाटलं, दार उघडायचंच नाही असं वाटलं, एवढं मला जिन्यातून कसंबसं कळलं. मामीनं त्याची हनुवटी धरून चेहरा वर केला.

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही."