हळू बोला, गल्ली ऐकते

किस्से आपण जमवत नाही, लोकच आणून टाकतात. माणसाला एचआयव्ही आहे म्हटलं की भलेभले शहाणे त्याच्यापुढं असं काही वागतात की विचारू नका. मी सातवी नापास, सातपूरला लेथवर जन्म गेला. आता महिन्यातून एकदा सरकारी दवाखान्यात गोळ्यांसाठी बसतो. बाकावर शेजारी नांदगावचा रिक्षावाला रघू आणि नामपूरची सुमन. नवरा गेलेली, दिराकडं राहणारी. आमची तिघांची गँग.

सुरुवात माझ्याच घरापासून. सुनेनं माझ्या ताटाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला, वेगळं ओळखू यावं म्हणून. मी ती बाजारात गेल्यावर तिचीच बाटली काढली आणि घरातल्या सगळ्या ताटांना ठिपके दिले. वाट्या, पेले, पोळपाटसुद्धा. संध्याकाळी मुलगा ताट हातात घेऊन उलटसुलट बघत उभा. म्हटलं, "जेव ना. कुठलंही घे, सगळी माझीच हायेत."

रघूची दाढ ठणकत होती. डॉक्टरनं आजार ऐकला आणि पार भिंतीला जाऊन टेकला. तिथूनच म्हणतो, "आ करा." रघू म्हणाला, "साहेब, दाढ काढायची हाय, फोटो नाय." डॉक्टरनं शेवटपर्यंत हात लावला नाही. फीची नोट मात्र उघड्या हातानं घेतली.

मग दवाखान्यात एक मॅडम आल्या, मन शांत कसं ठेवायचं ते शिकवायला. "डोळे मिटा. घरातला आवडता कोपरा आठवा." सगळ्यांनी मिटले. सुमन टक्क उघडे ठेवून.

"काय झालं ताई?"

"घरात मला कोपराच नाय मॅडम. दिरानं कांदे साठवायच्या चाळीत टाकलंय."

मॅडम घोटभर पाणी प्यायल्या आणि पुढची स्लाइड लावली.

त्यानंतरच्या महिन्यात सुमन आलीच नाही. फोन केला तर म्हणते, "गोळ्या बंद केल्या अण्णा. कांद्यांत बसून जगायचं तरी कशाला?"

माझं डोकं फिरलं. सिस्टरच्या मागं लागून सुमनच्या गोळ्या घेतल्या, रघूला उचललं आणि एसटीनं नामपूर गाठलं.

दीर दारात आडवा. "कोण तुम्ही?"

"तिच्या माहेरचे समजा. तिला घरात घ्या. गोळ्या सोडल्यात तिनं, मरंल ती."

तो कुजबुजला, "हळू बोला, गल्ली ऐकते. गावात कोणाला माहीत नाय. आमची अब्रू जाईल."

तेवढ्यात सुमन चाळीतून बाहेर आली. दिराकडं बघितलंसुद्धा नाही. समोरच्या ओट्यावर एक म्हातारी लसूण सोलत होती, तिला हाक मारून अहिराणीत म्हणाली, "मावशी, माले एचआयव्ही शे. म्हणून चाळमा ठेयेल शे."

म्हातारीनं लसणावरची नजर काढली नाही. "माले ठाऊक शे वं माय. तुनी जाऊबाईनीच सांगेल शे गावले. ये, चहा ले."

गावाला सांगणारी बायको दाराआडच उभी होती, दीर तिच्याकडं बघत राहिला.

सुमननं माझ्यापुढं हात केला. "गोळ्या द्या इकडं अण्णा. मी चहाला चालले."